प्लास्टिकच्या कासवाची वाणी

"बोललं! बोललं!" अशी आरोळी उठली आणि किनाऱ्यावरची माणसं चिखलातच धपाधप बसली. पौर्णिमेची सकाळ होती. उधाणाचं पाणी चढत होतं आणि काठावर बसवलेलं बैलाएवढं प्लास्टिकचं कासव घसा फाडून हंबरत होतं. "हूंऽऽऽ... हूंऽऽऽ..."

कासवाशेजारी उंटाच्या लोकरीचा झगा घातलेले सी बुलबाबा (सी म्हणजे साहेब) कान लावून उभे होते. डोळे मिटलेले, एक बोट वर. हूं संपलं की बोट खाली येई आणि भाषांतर सुरू होई.

"कासव म्हणतं, या बेटावर अविश्वास फार माजलाय. कासव म्हणतं, माझ्या मनाला यातना होतात. कासव म्हणतं, मागच्या निळ्या टोपीवाल्यानं फुकट ऐकू नये."

निळ्या टोपीवाल्यानं मुकाट्यानं खिशातून दिनार काढला.

गर्दीच्या मागे मोंजिया कपाळाला हात लावून उभी होती. कारण हे कासव तिनंच केलं होतं.

केर्केना बेटावरच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. तिथले कोळी ऑक्टोपस धरायला दोराला बांधून मडकी समुद्रात सोडतात. बीळ दिसलं की ऑक्टोपसला राहवत नाही, तो आत शिरतोच. पूर्वी मडकी मातीची असत. फुटली तर मातीला माती मिळे. आता स्वस्ताईची म्हणून प्लास्टिकची आली. दोर तुटला की ती वाहत किनाऱ्याला लागतात, जोडीला बाटल्या, चपला, पिशव्या. खरी कासवं त्या पिशव्या गिळून मरतात. मोंजियानं शाळेतल्या मुलांना घेऊन हा सगळा उकिरडा वेचला आणि त्याचंच कासव उभं केलं. पाठ तेलाच्या डब्यांची, पोट उपड्या घातलेल्या, तळ फुटलेल्या मडक्यांचं, डोळे शाम्पूच्या झाकणांचे, आणि घशात वाळूत सापडलेला भोंगा, फुटबॉलच्या सामन्यात पोरं फुंकतात तसला. भरतीच्या रेषेवर ते बसवून तिनं पाटी लावली: 'मला प्लास्टिक खाऊ घालू नका.' लोकांनी बघावं, जरा लाजावं, कचरा टाकणं थांबवावं, एवढीच बापडीची इच्छा.

लोकांनी बघितलं. लाजलं मात्र कुणी नाही. फेरीबोटीतून बुलबाबा उतरले, आणि लगेचच अमावास्येला कासव हंबरलं. आधी हे गृहस्थ घरोघर टीव्हीच्या छत्र्या बसवत. आता त्यांना छत्रीशिवायच वरचं ऐकू येऊ लागलं. त्यांनी पहिल्यांदा पाटी उपटली, का तर कासवाला ती आवडत नव्हती. पोटाखाली वाकून बघायलाही त्यांनी मनाई केली. मग कासवाच्या पाठीवरून ओघळलेलं पाणी ते बाटल्यांत भरून विकू लागले. गुडघेदुखी, नजर लागणं, सासूचा स्वभाव, सगळ्यांवर तेच एक औषध. वर कासवाची आज्ञा अशी, की रिकामी बाटली घरी न्यायची नाही, इथेच वाहायची! बघता बघता किनाऱ्यावर बाटल्यांच्या टेकड्या झाल्या. कचरा नको म्हणून केलेलं कासव कचऱ्यात शोधावं लागू लागलं.

इथवर मोंजिया हसलीही असती. पण पुढच्या रांगेत तिची आई शलबिया बसत होती. जुना मधुमेह, रोजची इन्सुलिनची सुई, आणि पायाला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. तिनं बुलबाबांना पायाचं विचारलं, कासवानं हूं केलं, आणि भाषांतर आलं: "सुई नको म्हणतंय."

"आई, आज सुई घेतलीस?" मोंजियानं घरी आल्याआल्या विचारलं.

"सुई बंद. मी कासवाचं पाणी घेते, सकाळ-संध्याकाळ चमचाभर."

"अगं, समुद्राचं खारट पाणी आहे ते!"

"मग बरोबरच आहे. साखरेवर खारटच लागणार. एवढी शिकलीस आणि एवढं कळेना?"

"ते कासव मी केलंय गं! त्याच्या डोळ्यांना शाम्पूची झाकणं मी चिकटवलीयेत!"

"आणि तुला मी केलंय. म्हणून तू बोलतेस ते सगळं मी शिकवलेलं असतं का?"

 मोंजिया परसात गेली आणि रडली. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं: सुई चुकली तर पाय जाईल, आणि तेवढ्यावर भागणार नाही. वडील गेल्यापासून घरात या दोघीच. ही म्हातारी गेली तर भांडायचं तरी कुणाशी?

शेवटी ती शेजारच्या खमैसकाकांकडे गेली. म्हाताऱ्याचा जन्म मासेमारीत गेलेला. उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्यांचं कुंपण घालायचं, भरतीबरोबर मासे आत येतात, ओहोटीला अडकतात, ही तिथली पिढीजात रीत.

"काका, तुम्ही तरी आईला समजवा."

"मी काय समजवू पोरी? समुद्राचं विचार, पाणी बोटभर चढलं तरी मला झोपेत कळतं. कासवाचं खातं वेगळं. बुलबाबा मोठा माणूस आहे, गर्व म्हणून नाही. मला रोज अदबीनं विचारतो, काका, उधाण कधी, पाणी रेषेवर कधी चढणार?"

"त्याला कशाला हवंय ते?"

"मोठ्या माणसांना कशाला असं विचारायचं नसतं!"

मोंजिया तणतणत घरी आली आणि राग काढायला आईच्या चादरी धुवायला बसली. पाणी घ्यायला तळ कापलेला तेलाचा डबा होता. तो तिनं रागारागानं उपडाच टबात दाबला, आणि डब्याच्या तोंडातून हवेचा झोत फस्सकन तिच्या चेहऱ्यावर आला. ती थांबली. पुन्हा दाबला. पुन्हा फस्स.

चादरी तशाच टाकून ती किनाऱ्याकडे पळाली. ओहोटी लागली होती, माणसं पांगली होती. ती कासवाच्या पोटाखाली सरपटत शिरली. मडक्यांमधल्या फटी तिनं उघड्या ठेवल्या होत्या. आता त्या सगळ्या कुणीतरी काळ्या टेपनं बंद केल्या होत्या, छत्रीवाले तारांना गुंडाळतात तसल्या टेपनं. खालून पाणी चढलं की कोंडलेल्या हवेला वाट एकच, घशातला भोंगा! "अरे लबाडा!" मोंजिया पोटाखालूनच ओरडली.

पण सांगून ऐकणार कोण? लोकांना माणसाचं ऐकायचं नव्हतं, कासवाचं ऐकायचं होतं. बरं, मग कासवाचंच ऐका, असं म्हणून तिनं दुकानातून तसलाच एक भोंगा आणला.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, ऐन ओहोटीला सभा भरली. पाणी लांब गेलं होतं. "ओहोटीला कासव मौन पाळतं," बुलबाबा सांगत होते, "तेव्हा त्याच्या वतीनं मीच..."

"हूंऽऽऽ!"

बुलबाबा टुणकन उडाले. त्यांची नजर आधी कासवाकडे नाही, समुद्राकडे गेली. पाणी होतं तिथेच होतं.

"काय म्हणतंय? काय म्हणतंय?" लोक ओरडले.

बुलबाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण दुकान उघडं होतं. "म्हणतंय... म्हणतंय, तुमच्या भक्तीवर खूश होऊन आज अवेळी बोलतोय."

"हूंऽऽ!"

"म्हणतंय, बुलबाबाच्या झोपडीला धड छप्पर नाही, तुम्हाला लाज कशी वाटत नाही."

तेवढ्यात शलबिया काठी टेकत उठली. "माझ्या पायाचं विचारा हो. जखम वाढतेय. ठणका सोसवत नाही आता."

या वेळी हूं थरथरत आलं.

"म्हणतंय, धीर धर, बाई. सुईला शिवू नकोस."

तेव्हा मात्र मोंजियाचा तोल सुटला. तिनं समोरच्या बाटल्यांच्या टेकडीला लाथ घातली. बाटल्या खडखडत कोसळल्या आणि मागे मोंजिया दिसली. बाह्या वर सारलेल्या, पुढ्यात कपड्यांचा टब, हातात तळ कापलेला डबा, डब्याच्या तोंडात भोंगा. सगळ्यांच्या देखत तिनं डबा पाण्यात दाबला.

"हूंऽऽऽ!"

"सी बुलबाबा, करा भाषांतर! आमचा कपड्यांचा टब काय म्हणतोय?"

 मग निळ्या टोपीवाला असा काही हसला की टोपी चिखलात पडली, आणि सगळा किनारा हसू लागला.

"ही... ही नक्कल आहे!" बुलबाबा ओरडले.

"असेल की. पण नकलेचं भाषांतर तुम्ही अस्सल केलंत!"

खमैसकाकांनी पोटाखाली वाकून टेप बघितली आणि स्वतःच्या कपाळावर चापट मारली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा! जे पाणी आयुष्यभर माझ्या कुंपणात मासे ढकलतं, तेच इथे वारा ढकलत होतं. आणि मी इथे गुडघे टेकत होतो!" त्यांनी कासवाच्या घशातून भोंगा उपटला. "आता थांबा सगळे. भरती येऊ द्या. बोलतं का बघू."

लोक थांबले. बुलबाबा थांबले नाहीत, त्यांना फेरीबोट गाठायची होती. दुपारी पाणी चढलं, पोटाला लागलं, घशातून नुसता गार वारा आला. कासव गप्प.

"बुलबाबा लबाड होता म्हणून आपण फसलो नाही," मोंजिया म्हणाली. "पोटाखाली वाकून कुणी बघितलं नाही म्हणून फसलो. जिथे वाकून बघू नका सांगतात, तिथे आधी बघायचं. आणि या बाटल्या कुणी वाहिल्या? आपणच ना? हे कासव खरंच बोलत असतं तर पहिली शिवी यावरून दिली असती."

 खमैसकाकांनी वाकून बाटल्या पोत्यात भरायला घेतल्या, मग बाकीचेही वाकले.

 घराच्या दारात आल्यावर शलबियानं विचारलं, "मी पायाचं विचारलं तेव्हा ते हूं तू केलंस?"

"हो, आई."

"ते ऐकून तो म्हणाला, सुईला शिवू नकोस."

"हो."

"मेल्यानं माझ्या पायाकडे बघितलंसुद्धा नाही गं."  पदरानं डोळे टिपून म्हातारीनं हरिसाच्या, म्हणजे मिरचीच्या चटणीच्या, बरणीमागे दडवलेली इन्सुलिनची कुपी काढली आणि दंड उघडा करून बसली.

"टोच. पण उद्या डॉक्टरीणबाईंना विचार, ही सुई आत जाऊन नेमकं करते काय. आणि नीट सांगता आलं नाही, तर बुलबाबासारखं त्यांनाही टबापाशी बसव."

"विचारते," मोंजिया म्हणाली, आणि हसत, डोळे पुसत तिनं सुई टोचली.