उसने नेलेले वडील

सुज्ञ वाचकहो, एका लोकप्रतिनिधीच्या पितृभक्तीचे यथार्थ दर्शन पुढील ओळींत घडविले जाईल. भक्ती थोडी आणि दर्शन फार, अशी ती वस्तू असल्यामुळे कथाही आटोपशीर ठेविली आहे.

खासदारसाहेब संसदेत वृद्धांच्या प्रश्नावर बोलत. ज्या घरात म्हातारे माणूस सांभाळले जाते त्या घराला सरकारने हातभार लावावा, असा कायदा व्हावा म्हणून त्यांनी कंठशोष चालविला होता. त्यांचे स्वतःचे वडील, अण्णा, मात्र साहेबांच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, दोन खोल्यांत राहत. सभा असली की साहेबांची गाडी येई, अण्णांना इस्त्रीचा सदरा चढवून नेई, व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवी आणि टाळ्या संपल्या की परत आणून सोडी. पाहुण्यांसाठी शेजारून कपबशा उसन्या न्याव्यात, तसे. कपबशा लोक निदान विसळून परत करतात. अण्णा भुकेलेच परत येत.

ताईला याची चीड होती, पण ती गिळत आली होती. आता मात्र तिच्या डोळ्याने दगा दिला. मोतीबिंदू इतका पिकला, की अण्णांच्या गोळ्या ती रंग पाहून नव्हे, आकार चाचपून ओळखू लागली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आणि बजावले, की पंधरा दिवस वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही. इकडे अण्णांना न्हाणीपर्यंत जायलाही खांदा लागे. तिने भावाला फोन केले. दर वेळी स्वीय सहायक उचली आणि साहेब बैठकीत आहेत असे सांगे. साहेब इतक्या बैठकांत बसत, की देशात काही उभे राहत नव्हते यात नवल ते काय!

शेवटी पुढच्या सभेला अण्णांबरोबर तीही गाडीत बसली. सभेचा विषय होता 'सांभाळणाऱ्यांचा सांभाळ'. साहेबांनी भाषणात डोळ्यांना रुमाल लावला. रुमालाची घडी मोडली नाही. मग ताईला वर बोलावून पुष्पगुच्छ दिला आणि माइक तिच्यापुढे धरून या भावाकडून काय हवे ते माग, असे म्हणाले. आशीर्वादापलीकडे ही काय बोलणार, अशी त्यांची खात्री.

"अण्णांना पंधरा दिवस तुझ्याकडे ने," ताई म्हणाली. "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तू फोन घेत नाहीस, म्हणून इथं सांगते."

सारे सभागृह साहेबांकडे पाहू लागले. पण साहेब मुरलेला गडी.

"पंधरा दिवस कशाला, ताई? आजपासून अण्णा जन्मभर माझ्याकडे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊ तसा नाही, आपणच उगाच मनात अढी धरली, असे तिला वाटले. ते वाटणे खुर्च्या आवरेपर्यंतही टिकले नाही. साहेब मागच्या दाराने गाडी घेऊन केव्हाच निघून गेले होते. सहायक मोबाइलमध्ये डोळे घालून म्हणाला, की साहेबांचे अधिवेशन आहे, वहिनींनी घर रंगवायला काढले आहे, तूर्त अण्णांना तुम्हीच न्या.

व्यासपीठावर शिपाई घुटमळत होता. बाकी साऱ्या खुर्च्या रचून झाल्या होत्या, मधली तेवढी राहिली होती. अण्णा काठी टेकत उठले.

"घे बाबा," ते त्याला म्हणाले. "माझं काम झालं."

रिक्षात अण्णांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. मग ऑपरेशन कधी आहे ते त्यांनी विचारले, आणि मला घरात कोणी काही सांगत नाही, म्हणून कुरकुरले. तुम्हाला सांगून तुम्ही काय करणार होता, असे ताईने फटकारले. अण्णा म्हणाले, बघू.

ऑपरेशन ठरल्या दिवशीच झाले. शेजारच्या शिंपीणबाई डबा देऊ लागल्या, आणि अण्णांना न्हाणीपर्यंत नेण्याचे काम कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने अंगावर घेतले. ताईच्या डोळ्यात औषध घालण्याचे काम मात्र अण्णांनी कोणाला दिले नाही. एक थेंब नाकावर पडे, एक कानाकडे ओघळे, मग कुठे एक डोळ्यात जाई. "अण्णा, डोळा इकडे आहे," असे ताई म्हणे, आणि दोघेही हसत.

अशाच एका सकाळी साहेबांची गाडी दारात आली. ड्रायव्हर अदबीने म्हणाला, आज मोठी सभा आहे, साहेबांनी अण्णांना तयार राहायला सांगितले आहे.

अण्णांनी मान वळविली नाही. ताईची पापणी बोटाने धरून ते थेंब पडायची वाट पाहत होते.

"त्याला सांग," ते म्हणाले, "मी बैठकीत आहे."

ड्रायव्हरने हसू आवरले आणि रिकामी गाडी घेऊन तो निघून गेला. त्या सभेत मधल्या खुर्चीवर साहेबांनी काय ठेविले, याची चौकशी आमच्या गल्लीतून कोणीही केली नाही.

आपण वेळ काढून हे वाचलेत, याबद्दल मनापासून उपकृत आहे.

आपला नम्र,
कोपऱ्यावरचा बापू सायकलवाला