शाईच्या सहाणेचा संशय

मी शाई उगाळायची सहाण बोलतेय. काळी, एका कोपऱ्यात टवका उडालेली आणि जात्याच संशयी. तोक्योच्या राजवाड्यात आल्यापासून तर जास्तच.

माझी मालकीण मियो. तिची आई समुद्रकाठच्या गावात मुलांना कुंचल्यानं अक्षर काढायला शिकवते. मियोचं लग्न धाकट्या राजपुत्राशी झालं, तेव्हा माहेरची म्हणून तिनं एकच वस्तू बरोबर आणली, मी.

लग्न झालं आणि तिची शाळाच सुरू झाली. कुणापुढे किती वाकायचं, हसताना किती हसायचं आणि रोज सकाळी कविता. शिकवायला वृद्ध शिगेनोबाई. महाखाष्ट!

"बाईसाहेब, हे अक्षर आहे की वाळत घातलेला माकूळ मासा?"

मियोची पत्रं आधी राजवाड्याच्या कचेरीतले पाच जण वाचत. फोनही तिथूनच जोडला जाई. म्हणून पत्रात ती नुसतं हवापाणी लिही. घरची ओढ उतरायची ती कवितेत: 'भरती ऐकू येत नाही, मला झोप येत नाही.' बाई तो कागद उचलत, घडी घालून बाहीत सारत. मी तेव्हाच ओळखलं, ही चुगलखोर. कचेरीला कळलं की पोरीचं काही खरं नाही. मियोलाही तोच संशय आला असावा. तिनं कविता लिहिणंच सोडलं. आठ दिवस मी कोरडी पडून होते.

नवव्या दिवशी बाईंनी एक कागद पुढे टाकला. तीच भरतीची कविता. तिच्यावर तांबड्या शाईनं केलेल्या दुरुस्त्या आणि शेवटच्या अक्षराभोवती शाबासकीचं मोठं, जरा तिरकं वर्तुळ. गावातल्या पोरांच्या कागदांवर हे वर्तुळ मी हजारदा पाहिलं होतं. मियोनं कागद तोंडाशी धरला आणि ती रडायला लागली.

"बाई, हा आईपर्यंत..."

"पत्रं कचेरीतून जातात. सरावाचे कागद म्हणजे रद्दी. रद्दी मी वाटेल तिथे टाकीन. नाक पुसा आणि शाई उगाळा."

मला माझीच लाज वाटली.

अकरा वर्षं कागद जात राहिले, तांबडे होऊन परत येत राहिले. या वसंतात बाई निवृत्त झाल्या. नव्या बाई तरुण आहेत, गोड बोलतात. "किती सुंदर, बाईसाहेब!" म्हणतात आणि बाईसाहेबांचं अक्षर कचऱ्यात पडू नये म्हणून प्रत्येक कागद अदबीनं जाळतात. तिकडे आईनं सत्तरी ओलांडलीय. मियो अजून रोज लिहिते.

वाचकहो, तुमच्या ओळखीत कुणी तिखट जिभेची म्हातारी असेल, तर तिला इकडे पाठवा. या गोड बाईंची मला फार भीती वाटते.