उतरलेली पट्टी

खाणीतून निघालेल्या निरुपयोगी पाटीच्या दगडांच्या ढिगाला आमच्या वेल्श भाषेत ‘तोमेन’ म्हणतात. बेथेस्डा गावाच्या माथ्यावर असे डोंगराएवढे ढीग पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. शाळा सुटली त्या वर्षी आम्ही चौघांनी तेच नाव आमच्या रॉक बँडला दिले, आणि ते देताना आमच्या मनात विनयाचा लवलेशही नव्हता. गाणारी मेरेरिद, गिटार वाजवणारा गेथिन, खर्जाची गिटार सांभाळणारा अबोल इल्तिद आणि ड्रम वाजवणारा मी, हेविन. चौघांचेही केस पांढरे झाले. चौघांतला एकही बदलला नाही. इंग्रजीत गायलात तर लंडनची दारे उघडतील, असे सांगणारे आले आणि गेले. आम्ही आमच्याच भाषेत गात राहिलो.

“आपण एकदा तरी फुटायला हवं होतं,” गेथिन नेहमी म्हणतो. “पुन्हा एकत्र आलो म्हणून दुप्पट गर्दी झाली असती.”

“तू फूट की. कुणी धरलंय तुला?” मेरेरिदचे ठरलेले उत्तर.

त्या शनिवारी आमच्या गाण्यांचा नवा संग्रह गावच्या सभागृहात प्रथम सादर व्हायचा होता. नव्या गाण्यांविषयी कोणालाच चिंता नव्हती. ती मेरेरिदने आपल्या आजच्या कंठासाठी रचली होती. चिंता होती ती ‘उत्तरेची खिडकी’ या गाण्याची. ते आमचे पहिले गाजलेले गीत. त्याचे धृपद तारसप्तकात चढते आणि तेथेच थांबून राहते. विशीतली मेरेरिद ते सहज गाई. गेल्या दोन वर्षांत मात्र त्या स्वरापाशी तिचा आवाज चिरू लागला होता. ते गीत गाळून बेथेस्डात कार्यक्रम करणे म्हणजे यजमानाने पाहुण्यांना पाणीही न विचारण्यासारखे होते.

दुपारी तालमीच्या वेळी गेथिनने विषय काढला. त्याच्या गिटारच्या मानेवर, दुसऱ्या पडद्यापाशी, या गीतापुरती तारा दाबून धरणारी एक चिमटी, म्हणजे कॅपो, लावलेली असे. तिच्यामुळे सर्व तारा एका स्वराने चढत आणि गीताला त्याची मूळ पट्टी मिळे.

“ही काढली की झालं,” तो म्हणाला. “एक स्वर खाली. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“बेथेस्डात? इथे कुत्रीसुद्धा सुरात भुंकतात, गेथिन.”

“मग वरच्या जागी माइक लोकांकडे कर. सगळे तेच करतात.”

“जो स्वर मला लागत नाही तो लोकांकडून उसना घेऊ? त्यापेक्षा गाणंच सोडते.”

“अगं बाई, हट्ट किती करशील! हेविन, तू तरी सांग हिला.”

“मी ड्रमवाला,” मी म्हणालो. “मला कुठली आलीय पट्टी?”

तिचा हट्ट कोठून आला होता, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होते. तिचे वडील प्रार्थनामंदिरात गीत ‘उचलून’ देत. आमच्याकडे ही मोठ्या मानाची जागा. वाद्याचा आधार न घेता पहिला स्वर उचलणाऱ्यानेच लावायचा, आणि मग सारी मंडळी चार अंगांनी, म्हणजे उंच-खालच्या चार वेगवेगळ्या सुरावटींत, त्याच्यामागे जाणार. स्वर चुकून उंच लागला तर बायकांच्या मानेच्या शिरा ताणल्या जात, पण थांबून पुन्हा खालून आरंभ करणे ही त्या जागेची नाचक्की मानली जाई. तिचे वडील आयुष्यात कधी थांबले नाहीत. तीही थांबणार नव्हती.

सायंकाळी सभागृह भरले. ज्यांनी तारुण्यात आमच्यासमोर उड्या मारल्या होत्या ते आता गुडघे सांभाळत भिंतीशी उभे होते. त्यांची मुले पुढे होती. नवी गाणी लोकांनी मनापासून ऐकली. मग गेथिनने चिमटी लावली आणि ‘उत्तरेची खिडकी’चे पहिले सूर छेडले. एकच आरोळी उठली.

पहिले कडवे निभावले. धृपदाच्या उंबरठ्यावर मेरेरिदने श्वास घेतला, स्वर घेतला, आणि तो मधोमध फाटला. माइक लोकांकडे वळवण्याएवढा क्षण तिच्या हाती होता. तिने तो वळवला नाही. तिने हात वर केला. आम्ही थांबलो. आमच्या साऱ्या कारकिर्दीत आम्ही गाणे मध्येच कधी थांबवले नव्हते.

ती गेथिनपाशी गेली आणि सर्वांच्या देखत तिने आपल्या हाताने त्याच्या गिटारची चिमटी काढली.

“मंडळी,” ती म्हणाली, “हे गाणं मी फार उंच उचललं होतं. जरा खालून घेते. लाज वाटतेय, पण गाणं माझं आहे.”

“घे गं पोरी!” मागून कोणी तरी म्हातारा ओरडला.

आम्ही पुन्हा आरंभ केला. इल्तिदने बोटे दोन पडदे मागे घेतली. धृपद आले, आणि साऱ्या सभागृहाने वर्षानुवर्षांच्या सवयीने जुन्याच पट्टीत गळा फोडला. दोन पट्ट्यांची अशी काही टक्कर झाली की इल्तिदसारखा अबोल मनुष्यही “अरे देवा!” म्हणाला.

“कुठे निघालात वर?” मेरेरिद हसत म्हणाली. “मी इथे आहे, खाली!”

हास्याचा कल्लोळ उठला, आणि मग गोंगाट ओसरला. सवयीची वाट मोडल्यामुळे लोक चाचपडले, आणि चाचपडताना ऐकू लागले. दुसरे कडवे शांततेत गेले. शेवटचे कडवे, ज्यात कामासाठी परगावी निघालेली मुलगी आईला खिडकीशी वाट पाहू नकोस असे सांगते, मेरेरिदने बोलावे इतक्या सहजपणे गायिले. तिच्या आवाजात आता एक खरखर आहे. पाटीवर पाटी घासावी तशी. ती त्या शब्दांवर शोभली. मग अखेरचे धृपद आले तेव्हा कोणी ओरडले नाही. खर्जातले पुरुष खाली उतरले, सज्ज्यातल्या बायकांनी वरची बाजू धरली, मधले स्वर आपोआप भरले गेले, आणि त्या चार अंगांच्या मध्यभागी मेरेरिदचा आवाज स्पष्ट, स्वतःच्या पायांवर उभा होता. मी ठेका सोडला. त्याची गरज उरली नव्हती. एवढ्या वर्षांत आपण काय उभे केले ते मला त्या क्षणी दिसले, आणि माझी मान ताठ झाली.

कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत चहा आणि मनुकांचा पाव आला. आमच्या पहिल्या कार्यक्रमापासून येणारी गावची परिचारिका डिलिस डोळे पुसत आत आली.

“मेरेरिद, ते शेवटचं कडवं फार सुरेख झालंय गं. नवीन लिहिलंस का?”

गेथिनच्या घशात चहा अडकला.

“नाही गं बाई,” मेरेरिद तिच्यासाठी पाव कापत म्हणाली, “तेही तेव्हाचंच आहे. तुम्ही आत्ता कुठे ओरडायचं थांबलात!”