कार्डानं सोडलं, मशीननं धरलं

“हळू! हळू ठेवा ना जी! बाळंतिणीले उतरवून राह्यले असं समजा!”

खोकं उतरवणारे हमाल हसले, पण अंजना मेश्रामचा जीव खोक्यात अडकला होता. बालाघाटमधल्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत ती बावीस वर्षं तंत्रज्ञ होती. दान आलेल्या रक्ताचा थेंब तपासणीच्या कार्डावर टाकायचा आणि रोगाची रेघ उमटते का ते डोळे ताणून बघायचं, हेच तिचं काम. रेघ आहे की नाही अशी शंका आली, की त्या दिवशी तिला जेवण जात नसे. मोठ्या मशीनसाठी तिने सात अर्ज केले होते. आज ते दारात आलं होतं.

दोन दिवस इंजिनीयरने शिकवलं. तिसऱ्या दिवशी ती नवी साडी नेसून आली.

“ताई, मशीनचं लगन हाय का आज?” बरोबर काम करणाऱ्या मयुरीने विचारलं.

“हौ. अन् मी करवली!”

रक्तदान शिबिरातले एकेचाळीस नमुने होते. अंजनाने सवयीने आधी कार्डं लावली. सगळी साफ. मग तेच नमुने मशीनच्या तबकात घातले. रसायनाचा शेवटचा थेंब पडला आणि तबकातला एकच खळगा पिवळा झाला. बाकीचे पाण्यासारखे. कावीळ, सी प्रकारची. तिने तो नमुना पुन्हा दोनदा लावला. दोन्हीदा पिवळा.

“सापडला! मयुरी, सापडला व! कार्डानं सोडलं, मशीननं धरलं!”

एकोणपन्नास वर्षांच्या अंजनाने मयुरीचे हात धरून गिरकी घेतली. ही पिशवी उद्या कुणाच्या तरी अंगात गेली असती! ती बाजूला काढून, कुलूप लावून, मगच तिने रजिस्टर उघडलं.

नंबरासमोर नाव होतं बाबूलाल कावरे. बैहरच्या बसचा ड्रायव्हर. अडतीस वेळा रक्त दिलेला माणूस. पन्नास करणार म्हणून त्याने सगळ्या बसस्टँडला सांगून ठेवलं होतं.

अंजना खुर्चीवर बसली. तिला आपल्या गिरकीची लाज वाटली. आणि तरी छातीतला आनंद काही जाईना.

त्याच्या मागच्या खेपेचं रक्त लामता गावच्या गोदाबाईला चढलं होतं. अंजनाने तिला बोलावून तपासलं. ती साफ निघाली, तेव्हा कुठे तिने बाबूलालला फोन केला.

तो आला. तिने दार लावलं आणि सरळ सांगितलं.

“म्हणजे माह्यं रक्त खराब झालं, ताई?”

“रोग शिरला, भाऊ. त्याच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट भेटतात. तीन महिने घ्या, बहुतेक लोक बरे होतात.”

“मंग तीन महिन्यानं येतो.”

“नाही, भाऊ. बरे झाले तरी आता तुमचं रक्त घेता येत नाही. कधीच नाही.”

त्याने कोपराच्या आतल्या बाजूवर, सुई टोचायच्या जागेवर, बोट फिरवलं.

“कोणाले चढलं तं नाही ना?”

“नाही. पिशवी काढून ठेवली.”

“अन् मागच्या खेपेचं?”

“त्या बाईले तपासलं. साफ हाय.”

त्याचा चेहरा एकदम उजळला. “मंग काहून तोंड पाडून बसल्या? दाखवा ना मले ते मशीन!”

बूट बाहेर काढून, हात मागे बांधून त्याने काचेतून मशीन पाहिलं. “बाप रे! मी बारा वर्षं गाडी चालवून राह्यलो, पण पुढचं इतकं मलेबी दिसत नाही जी!” अंजना हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

सोमवारी दुपारी तो पुन्हा हजर. बरोबर स्टँडवरचे तिघे होते, एक कंडक्टर आणि दोन ड्रायव्हर.

“मी नाही, हे देणार,” तो दारातूनच ओरडला. “लय ताजा माल हाय, ताई!”

तिघे आत खाटांवर आडवे झाले. सुई टोचून अंजना बाहेर डोकावली. बाकावर बाबूलाल बसला होता, स्टेअरिंगवर बसतो तसा ताठ. मांडीवर तिघांचे मोबाईल, एक टोपी आणि कंडक्टरची चामडी पिशवी. आणि काही पडू नये म्हणून त्याने दोन्ही हातांनी ते सगळं धरून ठेवलं होतं.