पाणमांजराचा डावा कान

शनिवारी सकाळी बसड्रायव्हरने आयुष्यात पहिल्यांदा छिन्नी हातात धरली, तीही बायकोच्या हुकमावरून.

बायको मूर्तिकार. लहान मुलांच्या पोहण्याच्या तलावाकाठी ठेवायला एक मोठं पाणमांजर करून द्यायचं तिने कबूल केलं होतं. तिने ते आधी मातीत घडवलं, त्यावर प्लास्टरचा साचा घेतला, माती उकरून काढली, साच्याला आतून साबणाचं पाणी लावलं आणि रेझिनचे थर चढवले. इथवर सगळं यथासांग पार पडलं. मग उरलेलं साबणाचं पाणी ओतून द्यायला ती बादली घेऊन निघाली आणि त्याच पाण्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. आता रेझिन दगडासारखं घट्ट झालं होतं, तलाव सोमवारी उघडणार होता, आणि पाणमांजर प्लास्टरमध्ये तसा बायकोचा हातही प्लास्टरमध्ये.

"दुसरं कुणी मिळणार नाही का?" त्याने विचारून पाहिलं.

"मिळेल की. पण परक्या माणसावर मला ओरडता यायचं नाही."

त्याची धास्ती काही उगाच नव्हती. सव्वीस वर्षं त्याने भर गर्दीतून बस चालवली होती, साधा आरसासुद्धा फुटला नव्हता. पण घरात त्याने एखाद्या वस्तूला हात लावला की तिचं काही खरं नसे. नळ दुरुस्त करायला घेतला तर प्लंबरला दोनदा बोलवावं लागे.

बायको स्टुलावर बसली आणि डाव्या हातातल्या पट्टीने दाखवू लागली. "हा साचा फोडूनच काढायचा. बाहेरचा थर पांढरा आहे, आतला मी मुद्दाम निळा केलाय. निळं दिसलं की पाणमांजर बोटभर अंतरावर आलं. तिथून जपून."

"म्हणजे पिवळा दिवा."

"तुम्ही लालच समजा."

पहिला अर्धा तास तो छिन्नीवर असा ठोके देत होता की कपचासुद्धा उडेना. "गोंजारताय काय त्याला? मारा," बायको म्हणाली. मग त्याने मारलं. प्लास्टरचा ताटाएवढा तुकडा सुटला, मजबुतीसाठी आत घातलेल्या तागाच्या धाग्यांना लोंबकळला आणि धप्पकन खाली पडला. त्यामागे निळा थर, आणि तो हलक्या हाताने उडवल्यावर करड्या रंगाचं गुळगुळीत, गोल पोट. त्याने त्यावरून तळवा फिरवला. आपण काहीतरी न मोडता बाहेर काढलं, याचं त्याला इतकं नवल वाटलं की चहासुद्धा नको म्हणाला.

पोटावर ठेवलेले दोन्ही पंजे निघाले. मान निघाली. हात बसला तसा तो शीळ घालायला लागला आणि तिथेच घात झाला. डोक्याच्या डाव्या बाजूला छिन्नी किंचित तिरकी लागली, 'टक्' असा बारीक आवाज आला आणि प्लास्टरच्या तुकड्यांबरोबर एक इवलासा कान त्याच्या तळहातावर आला.

बायको खिडकी उघडत होती. त्याने कान खिशात टाकला आणि दुप्पट मन लावून काम चालू ठेवलं.

"बघू तो कान," ती वळून म्हणाली.

"कुठला?"

"खिशातला."

त्याने तो काढून दिला. आता खैर नाही, असं तो धरून चालला होता. तिने कान उजेडात उलटसुलट करून पाहिला. "स्वच्छ तुटलाय. चिकटेल. आधी तोंड मोकळं करा."

तोंडाला तासभर लागला. मातीचं काम ती सदैव ओल्या फडक्याखाली झाकून ठेवत असे, त्यामुळे हा चेहरा त्याने कधी पाहिलाच नव्हता. मिशा निघाल्या. अर्धवट उघडं तोंड निघालं. एक डोळा मिटलेला, दुसरा थोडासा किलकिला. तो मागे सरकला आणि पाहतच राहिला. रविवारी दुपारी जेवून तो उताणा झोपे, दोन्ही हात पोटावर आणि एक डोळा असाच किलकिला. मुलगी लहान असताना बाबा जिवंत आहेत ना, हे नाकाशी बोट धरून बघायची.

"हा मी आहे?"

"छे, पाणमांजर आहे."

"अगं, डोळा बघ ना."

"तासभर हलत नाही असं मॉडेल मला दुसरं कुठे मिळणार होतं?" ती हसू दाबत म्हणाली.

रागवावं की काय करावं, हे त्याला कळेना. तो पुन्हा जवळ गेला. "मी इतका सुखात दिसतो?"

"झोपेत. जागेपणी सिग्नलला थांबल्यासारखे दिसता."

मग तिने डाव्या हाताने चमचाभर रेझिन कालवलं, कान जागेवर बसवला आणि ते घट्ट होईपर्यंत कान धरून ठेवायला त्याला उभं केलं. वीस मिनिटं त्याने श्वासही बेताने घेतला. तरी कान जरा पुढेच झुकला.

"राहू दे," ती म्हणाली. "काहीतरी ऐकत असल्यासारखं वाटतंय."

सोमवारी पाणमांजर उथळ पाण्याच्या काठावर पहुडलं. पोहायला शिकवणाऱ्या बाईंनी त्याचा एक डोळा उघडा का, असं विचारलं, तेव्हा बायकोने गंभीर चेहऱ्याने सांगितलं की ते मुलांवर लक्ष ठेवतं. पायऱ्यांवर एक मुलगी पाण्याला भिऊन बसली होती. ती उठली, पाणमांजराच्या पोटाला टेकली, थोडा वेळ तशीच राहिली आणि मग त्याचा पंजा धरून तिने एक पाय पाण्यात घातला. नंतर दुसरा.

ड्रायव्हर कुंपणाशी उभा राहून बघत होता. अकराची बस त्या दिवशी चार मिनिटं उशिरा सुटली. डेपोत कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, घरचंच काम होतं.