संपाच्या सालातला पाट

मित्रांनो, जेवायला बसतात त्या पाटांपैकी मी नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी गणपतीचा पाट. फणसाच्या लाकडाचा, जुना, एका कोपऱ्याला थोडा चिरलेला. माझ्यावर आजवर एकही माणूस बसलेला नाही. एकदा मुंबईचे एक पाहुणे माझ्यावर टेकायला निघाले होते, तर आमच्या घरच्या सीताबाईने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते मुकाट्याने ओटीवर जाऊन बसले. थोडा तोरा आहे मला. असू द्या.

माझा जन्म रोह्याच्या पुलापलीकडे, अष्टमी गावात झाला. नाथा सुताराने मला रंधा मारला तेव्हा मी हळदीसारखा पिवळा होतो. मला न्यायला वडखळजवळच्या खाडीकाठच्या गावातून जनू आला होता. मिठागरात राबणारा माणूस, आणि त्याच्या घरी पहिल्यांदाच गणपती यायचा होता. एस.टी.त त्याने मला मांडीवर घेतलं ते वडखळ येईपर्यंत खाली ठेवलं नाही.

आता तुम्ही दुकानात जाऊन मूर्ती पसंत करता. तेव्हा आमच्याकडे मूर्ती आणायला आधी पाट जायचा. पावसाळ्याच्या तोंडावर गावोगावचे पाट डोक्यावरून पेणला निघायचे. महिपती मूर्तिकाराच्या कारखान्यात आम्ही भिंतीशी ओळीने उभे राहायचो. कारखाना म्हणजे काय, एक लांब पडवी आणि ओल्या मातीचा वास. महिपती प्रत्येक पाटावर सुपारी ठेवायचा. सुपारी ठेवली की त्या घराला शब्द दिला, मग त्याच पाटावर त्या घरचा गणपती तयार व्हायचा. आलेला पाट रिकामा परत पाठवायचा नाही, ही त्याच्या वडिलांपासूनची रीत होती.

आणि मग रेल्वेच्या मोठ्या संपाचं ते साल उजाडलं.

मूर्तीची शाडू माती गुजरातेतून मालगाडीने यायची. संपात गाड्या थांबल्या. संप मिटला, पण तुंबलेला माल एवढा होता की आधी धान्य, मग कोळसा, देवाच्या मातीला कोण विचारतो? एरवी त्या दिवसांत पेणच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसायची, जिथे तिथे मूर्ती वाळत असायच्या. त्या साली पडव्या ओस होत्या. रस्त्यात माणसं भेटली की रामराम राहायचा बाजूला, आधी विचारायची, "माती आली का?"

महिपतीची चूक म्हणाल तर एवढीच, की तो सुपाऱ्या ठेवत राहिला. उद्या ट्रक येईल, परवा येईल. दारी आलेल्या पाटाला नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नव्हती.

मी सगळ्यांच्या मागून पोचलो. आदल्या साली आषाढात जनू गेला होता, म्हणून घरात गणपती बसला नव्हता. त्याचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याची सून सीताबाई मला डोक्यावर घेऊन निघाली.

"महिपतीदादा," ती म्हणाली, "गेल्या साली मामंजी गेले, देव आनला नाय. घर कसं मुकं मुकं वाटतंय. औंदा तरी देव येऊ दे."

महिपतीने कोपऱ्यातल्या मातीच्या ढिगाकडे पाहिलं. ढीग कसला, खरवड होती. मग त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सुपारी ठेवली.

माती पुरावी म्हणून त्याने त्या साली सगळेच गणपती लहान केले. गुडघ्याएवढी मूर्ती नेणारे कापडवाले हैबतराव आले आणि बघतच राहिले.

"काय रे महिपती, आमचा गणपती आटला की काय?"

"माती आटली, शेट. देव तेवढाच हाय."

हैबतराव हसले आणि कुरकुर न करता गेले. पण एवढं करूनही माती संपली, आणि भिंतीशी एकच पाट रिकामा उरला. तो मी. खरं सांगतो, मला फार भीती वाटली. रिकामा परत गेलो असतो तर सीताबाईच्या समोर कसा पडलो असतो?

महिपतीची बायको चंद्रावती दुपारी त्याच्यापाशी येऊन बसली. "अवो, सांगून टाका तिला. ती काय भांडायची नाय."

"ती भांडायची नाय गो, म्हणून तर सांगवत नाय."

मग तो उठला आणि कोनाड्यापाशी गेला. कोनाड्यात त्याच्या वडिलांनी हाताने घडवलेली मूर्ती होती. तिला रंग नव्हता, तिची पूजाही होत नसे. साचा झिजला की तिच्यावरूनच नवा साचा काढायचा. कारखान्याचे सगळे गणपती तिच्यापासूनच आलेले. महिपतीने ती उतरवली आणि पाण्याच्या घमेल्याकडे नेली.

चंद्रावतीने त्याचा हात धरला. "मामंजींचा हात हाय तिच्यात."

"व्हय. त्यांनी केलेली हरेक मूर्ती कुनाच्या तरी घरी गेली, पान्यात गेली. ही एकटीच कोरडी राहिली. जाऊ दे हिला पन."

चंद्रावतीने हात सोडला. मूर्ती हळूहळू विरघळली. त्या मातीचा गणपती माझ्यावर बसला, आणि मला तो इतर वर्षांपेक्षा जड वाटला.

सीताबाई हरखून मला घेऊन गेली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण गौरी-विसर्जनाच्या दिवशी महिपती तिच्या गावी खाडीवर येऊन उभा राहिला. मूर्तिकार असा कुणाच्या विसर्जनाला येत नाही. सीताबाईने त्याला बाजूला घेऊन कारण विचारलं, तेव्हा त्याला सांगावंच लागलं. ती डोळ्यांना पदर लावून उभी राहिली.

गणपती पाण्यात गेला की तिथली मूठभर माती पाटावर घालून घरी न्यायची, अशी आमच्याकडची रीत आहे. सीताबाईचा नवरा रघू मूर्ती घेऊन छातीभर पाण्यात उतरला, आणि वर आला तो तळाची माती घेऊनच. ती माती माझ्यावर पडली. सीताबाई मला उचलून घराकडे वळली नाही. तिने मला तसंच महिपतीसमोर धरलं.

"दादा, ही तुमच्या घरची," ती म्हणाली. "तुमचा कोनाडा रिकामा ठेवू नका."

त्या मातीत मूर्तीची किती आणि खाडीची किती, कोण सांगणार? महिपतीने ती धोतराच्या सोग्यात बांधून नेली. पुढच्या साली माती वेळेवर आली. त्याने नवी मूळ मूर्ती घडवली आणि तो खाडीचा गोळा तिच्या पोटात घातला. हे मी भिंतीशी उभा राहून पाहिलं. त्या साली रांगेत माझा पहिला नंबर होता.

आता मी माळ्यावर असतो. आमच्या घरी हल्ली प्लास्टरची मूर्ती येते, तिची बैठक तिच्याबरोबरच असते. कुणावर माझा राग नाही. पण मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा एखादा पडला असेल, तर त्याला एकदा खाली घ्या, ओल्या फडक्याने पुसा आणि त्याच्यावर काहीतरी ठेवा, निदान एक सुपारी. पाट रिकामा ठेवायचा नसतो.