बघण्यापुरता पासवर्ड

कारखान्याचं नाव विचारू नका. कोल्हापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांना काय तोटा आहे? त्यातल्याच एकाच्या शेती खात्यात जोतीराम हेडक्लार्क होता, आणि एके काळी त्याचा रुबाब चेअरमनला भारी पडायचा. कुणाचा ऊस आधी तुटायचा हे लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखेवरनं ठरतं, आणि ती तारीख जोतीरामच्या पेनातनं उतरायची. उभा ऊस वाळून हलका व्हायच्या आत तोड मिळावी म्हणून भलेभले बागायतदार त्याच्या टेबलापुढं टोपी काढून उभे राहायचे. कुणी काकवी आणायचं, कुणी ओल्या शेंगा.

दोन हजार तीन साली खात्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग अक्षता आली. गडहिंग्लजकडची पोरगी, डिप्लोमा केलेली, हंगामी ऑर्डरवर घेतलेली. एमडी साहेबांनी दोघांना पासवर्ड दिले. अक्षताच्या पासवर्डनं तारीख भरता यायची, बदलता यायची. जोतीरामच्या पासवर्डनं ती नुसती बघता यायची.

"बघायचंच आसलं तर खिडकीतनं बी दिसतंय की!" असं तो त्या दिवशी घरी जाऊन बायकोवर ओरडला आणि न जेवताच झोपला.

आता काकवी अक्षताच्या टेबलावर येऊ लागली. ती पोरगी अशी खुळी, की घ्यायचीच नाही. "न्यावा मामा घरला, पोरास्नी द्या," म्हणायची. जोतीरामच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घेतली असती तर निदान बोंब तरी मारता आली असती! वर माणसं म्हणायची, मॅडमकडं कसं सरळ काम हाय बघा. म्हणजे आधी वाकडं होतं व्हय रे भाड्यांनो? पण हे तोंडावर कुणाला म्हणता येतंय? तो बसल्या जागी जळत राहायचा.

एकदा दुपारी त्यानं खुर्ची तिच्याजवळ ओढली. "पोरी, उद्या तू आजारी पडलीस, तर तोडीचा कार्यक्रम कोण काढणार? पासवर्ड सांगून ठेव."

"साहेबांनी कुणालाच सांगायचा न्हाय म्हटलंय, काका."

"कुणालाच म्हंजी? मी कुणी बी व्हय? तुझ्या बापाच्या ठिकाणी हाय मी. माझ्यावर इस्वास न्हाय आसं सांग, म्हंजी झालं."

आता बापाच्या वयाच्या माणसाला तोंडावर असं सांगायचं कसं? आपल्याकडं ते शिवी दिल्यासारखंच. अक्षता कानकोंडी झाली आणि इकडं-तिकडं बघत हळूच पासवर्ड सांगून मोकळी झाली.

पुढच्या आठवड्यात ती जेवायला गेल्यावर जोतीराम तिच्या खुर्चीत बसला. तिच्या सख्ख्या मामाचा ऊस याच कारखान्याकडं होता. त्याची लागणीची तारीख जोतीरामनं महिनाभर मागं नेली, म्हणजे तोड महिनाभर आधी. मग चहाच्या टपरीवर भाऊसो नावाचा तापट बागायतदार गाठला आणि त्याच्या कानाला लागला. "मी काय बोलत न्हाय बाबा. पर मॅडमच्या मामाचा नंबर बघा जरा."

भाऊसोला तेवढं बास होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमधे पंचवीसेक माणसं घुसली. "आमचा ऊस वाळतोय आन् हिच्या मामाला आधी तोड व्हय?" कॉम्प्युटर उघडला. बदल अक्षताच्याच नावावर होता. पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुझा पासवर्ड आणखी कुणाला माहीत होता?" साहेबांनी विचारलं.

"जोतीरामकाकांना. पण काका असलं काय करायचे न्हाईत, साहेब. माझ्याच हातनं काय तरी चुकलं असंल."

हे ती मनापासून म्हणाली. टोमणा असता तर जोतीरामला बरं वाटलं असतं. सगळी केबिन त्याच्याकडं वळली. क्षणभर त्याला वाटलंही, की सांगून टाकावं. तेवढ्यात अक्षताची ती खुर्ची डोळ्यांपुढं आली.

"सांगितलाता तिनं, खरं हाय," तो म्हणाला. "पर मी तवाच इसरलो. या वयात कुठं ध्यानात ऱ्हातंय, साहेब."

साहेबांनी मान हलवली. हंगाम संपायच्या आतच अक्षताला घरी पाठवलं. जाताना ती त्याच्या पाया पडली. "तुम्ही तरी तुमचा पासवर्ड कुणाला सांगू नका काका. मी सांगितला आन् बघा काय झालं."

खुर्ची मिळाली, तारीख बदलायचा पासवर्डही मिळाला. काकवी परत सुरू झाली. जोतीराम दर सोमवारी पासवर्ड बदलू लागला. टाइप करताना दुसरा हात वर धरायचा, आणि मागनं कुणी गेलं तरी दचकायचा. बाजूच्या टेबलावर गुंडू नावाचा कारकून होता, गरीब गाय. पण जोतीरामला त्याचं हसणंसुद्धा आता सरळ वाटेना.

ऐन हंगामात जोतीरामच्या धाकट्या लेकीचा, श्रुतीचा, साखरपुडा ठरला. पावणं कबनूरचं, तारीख त्यांनी धरलेली. त्या दिवशीचा तोडीचा कार्यक्रम काढायचाच होता.

"मला सांगा की पासवर्ड," गुंडू म्हणाला. "काडतो मी कार्यक्रम. तुम्ही निवांत जावा. लेकीचं शुभकार्य हाय."

जोतीरामनं त्याच्याकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता. पण वाईट तर जोतीराम स्वतःही दिसत नव्हता, आणि अक्षतानं त्याला काका म्हणून हाक मारली होती.

"न्हाय," तो म्हणाला. "तुझं काम तू कर."

कबनूरला बापाच्या जागी चुलता बसला. श्रुतीनं दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा केला नाही. जोतीराम कॉम्प्युटरपुढं एकटा बसून होता आणि त्याला अक्षताचा हेवा वाटत होता, पहिल्यापेक्षाही जास्त. तिच्याकडचं सगळं त्यानं काढून घेतलं होतं. पण एका माणसावर डोळे मिटून विश्वास टाकायचं तिला जमलं होतं, आणि त्याला ते या जन्मात जमणार नव्हतं.